रजिस्टरात रकानाच नव्हता

पात्र जोडप्यांचं रजिस्टर तुमच्यापैकी बहुतेकांनी पाहिलेलं नसेल. गावच्या सरकारी आरोग्य उपकेंद्राच्या लोखंडी कपाटात ते असतं, आडवं आणि जाडजूड, पुठ्ठ्याला ब्राउन पेपर लावलेला. गावातल्या ज्या जोडप्यात बायको पंधरा ते एकोणपन्नास वयाची आहे, त्या प्रत्येक जोडप्याला त्यात एक ओळ मिळते. घर क्रमांक, दोघांची नावं, तिचं वय, लग्नाच्या वेळचं वय, जिवंत मुलगे, जिवंत मुली, शेवटच्या लेकराचं वय आणि सगळ्यात उजवीकडे ‘वापरत असलेली पद्धत’, म्हणजे मूल टाळायची. दर एप्रिलला घरोघर फिरून हे सगळं नव्याने भरायचं. भरून झालं की लाल पेनाने खुणा करायच्या. दोन लेकरं झाली आणि नसबंदीचं ऑपरेशन नाही, एक टिंब. तीन झाली आणि तरी नाही, दोन टिंबं. मग वर्षभर त्या टिंबांच्या मागे चालायचं. ही माझी नोकरी.

बीड जिल्ह्यात १९८६ साली एएनएम म्हणजे गावची नर्स म्हणून लागले, २०२२ मध्ये एलएचव्ही म्हणजे नर्सांवरची पर्यवेक्षिका म्हणून निवृत्त झाले. आता हडपसरला मुलाकडे असते. इथल्या सोसायटीच्या ग्रुपवर दर दोन-तीन महिन्यांनी एक मेसेज फिरतो, ‘दोन अपत्यांचा कायदा झालाच पाहिजे, नाहीतर देश बुडाला.’ त्यावर हात जोडलेल्या खुणांचा पाऊस. मी उत्तर लिहायला बसले, ते लांबत गेलं. सून म्हणाली, आई, एवढं ग्रुपवर कुणी वाचत नाही, ब्लॉगवर टाका. म्हणून हे इथे.

ग्रुपवाल्यांना उत्तर दोन ओळींत होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीची पाचवी फेरी २०१९ ते २०२१ मध्ये झाली. तीत देशातल्या बाईला सरासरी २.० मुलं होतात असं आलं, महाराष्ट्रात १.७. लोकसंख्या जागच्या जागी राहायला २.१ लागतात. म्हणजे पाळणा थांबवायचं काम बायकांनी कधीच करून टाकलंय, आणि तेही स्वतःच्या पोटावर कापून घेऊन. त्याच पाहणीत ३७.९ टक्के विवाहित बायकांचं ऑपरेशन झालेलं निघालं. पुरुषांच्या नसबंदीचा आकडा ०.३ टक्के. तीनच्या आधी शून्य आणि टिंब आहे, नीट बघा.

खरं म्हणजे पुरुषाचं ऑपरेशन किती सोपं! पोट उघडायचं नाही, बिनटाक्याचं, वीस मिनिटांत माणूस चालत घरी. तीन महिने निरोध वापरायचा, मग वीर्य तपासून घ्यायचं, संपलं. बाईला मात्र उपाशीपोटी आणायचं, पोटात हवा भरायची, दुर्बीण घालायची. तरी घरोघरी उत्तर एकच, ‘त्यांना कष्टाची कामं आहेत, माझंच करा.’ हे बोलणारी बाई डोक्यावर पाण्याचे दोन हंडे घेऊन उभी असायची.

हे असं का झालं, त्याला इतिहास आहे. जगात सगळ्यात आधी सरकारी कुटुंब नियोजन कार्यक्रम आपण सुरू केला, १९५२ साली. त्याच्याही आधी, १९२१ मध्ये, र. धों. कर्व्यांनी मुंबईत संततिनियमनाचं केंद्र काढलं होतं. त्यापायी कॉलेजातली प्राध्यापकी गेली, खटले झाले. १९३४ च्या खटल्यात डॉ. आंबेडकर त्यांचे वकील होते. कर्वे बाईच्या तब्येतीबद्दल, तिच्या इच्छेबद्दल बोलत होते. सरकारी कार्यक्रमाने त्यातलं संततिनियमन तेवढं उचललं. पुढे आणीबाणी आली. १९७६-७७ या एका वर्षात देशात ऐंशी लाखांवर नसबंद्या झाल्या, त्यांतल्या साठ लाखांवर पुरुषांच्या. आपल्या विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीचं विधेयकही मंजूर करून टाकलं होतं. राष्ट्रपतींची संमती आली नाही म्हणून ते राहिलं. माझ्या आधीच्या सिस्टर सांगायच्या, आरोग्य खात्याची जीप दिसली की गडी ज्वारीच्या रानात पळायचे. सरकार पडलं, आणि त्यानंतर कुठल्याच पुढाऱ्याची पुरुषांना हात लावायची हिंमत झाली नाही. टार्गेट तेवढंच राहिलं, ते बायकांकडे सरकलं.

मी लागले तेव्हा हे सरकणं पूर्ण झालेलं होतं. डिसेंबर ते मार्च ऑपरेशनच्या कॅम्पचा हंगाम. थंडीत जखम पिकत नाही असा लोकांचा समज, आणि आमचा मार्चएंड, दोन्हींचं छान जमायचं. सर्जन जिल्ह्यावरून येणार. ते दुपारी येवोत की संध्याकाळी, बायका सकाळपासून उपाशी. ऑपरेशन झाल्या झाल्या शाळेतून आणलेल्या सतरंज्यांवर ओळीने झोपवायचं. एकीचं लेकरू रडायला लागलं की चार जणींना पान्हा फुटायचा. दरवाजात सासवा, कडेला नवरे विडी ओढत. संध्याकाळी जीपमध्ये घालून घरी, सातव्या दिवशी टाके काढायला मी दारात. मासिक सभेत ज्या सिस्टरच्या केसेस कमी, तिला उभं करायचे. वेतनवाढ रोखू, हे वाक्य इतक्यांदा ऐकलंय की नंतर ते घड्याळाच्या टोल्यासारखं वाटायला लागलं. मास्तर, तलाठी, ग्रामसेवक यांनाही केसेस द्याव्या लागायच्या, त्यामुळे एकाच बाईवर तिघांचा डोळा. माझी केस मास्तरांनी पळवली, अशी भांडणं मी स्वतः केलीत.

१९९४ मध्ये कैरोला लोकसंख्येवर जागतिक परिषद झाली. लोकसंख्येच्या आकड्याऐवजी बाईचं आरोग्य आणि तिचा हक्क मध्यभागी ठेवा, असं तिथे ठरलं. त्याला धरून १९९६ च्या एप्रिलपासून आपल्याकडे टार्गेट रद्द झाली. सभेत तसा कागद वाचून दाखवला, आम्ही एकमेकींकडे बघितलं. पुढच्याच सभेत तक्ता आला. वर ‘टार्गेट’ ऐवजी ‘अपेक्षित कामाची पातळी’ लिहिलं होतं. आकडे तेच.

कॅम्प मात्र पुष्कळ वर्षं चालूच होते. नोव्हेंबर २०१४ मध्ये छत्तीसगडला बिलासपूरजवळ एका सर्जनने काही तासांत ८३ बायकांची ऑपरेशनं केली. त्या आणि त्याच आठवड्यातल्या आसपासच्या शिबिरांतल्या मिळून १३ जणी दगावल्या. त्यानंतर २०१६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शिबिरं तीन वर्षांत बंद करा असा आदेश दिला. बिलासपूरची बातमी टीव्हीवर लागली तेव्हा मी स्वयंपाक करत होते. नवरा म्हणाला, कुठलं आहे हे? मी म्हटलं, कुठलंही असू शकतं.

आता त्या रजिस्टराकडे परत. त्यात बाईचं काय दुखतं याला रकाना नव्हता. अंगावरून पांढरं जातं, पाळी आठ-आठ दिवस थांबत नाही, लघवीला आग होते, अंग बाहेर येतं, संबंधाच्या वेळी दुखतं, चार वर्षं झाली तरी दिवस राहत नाहीत, यातलं काहीही लिहायला जागा नाही. मूल होत नसलेलं जोडपं तर आमच्या तक्त्यात भलत्याच ठिकाणी दिसायचं. ‘पद्धत : काही नाही’, म्हणून ते असुरक्षित जोडप्यांत मोजलं जाई. एकदा सभेत वरिष्ठांनी बोट ठेवून विचारलं, हे जोडपं काहीच का वापरत नाही? मी म्हटलं, साहेब, ते दर सोमवारी परळी वैजनाथाला नवस बोलतात, तेवढंच वापरतात. सभा हसली. त्या बाईची तपासणी झाली नाही ती नाहीच. गर्भपिशवीच्या टीबीने नळ्या बंद होतात आणि त्यातून वांझपणा येतो, हे आपल्या देशात काही दुर्मिळ नाही. पण त्यासाठी तिला पाठवायचं कुठे, याचा कागद आमच्याकडे नव्हता.

म्हणून मी शाळेची दोनशे पानी वही केली होती. त्यात गावाचं पान आणि खुणांच्या भाषेत नोंदी. ‘पां.’ म्हणजे पांढरं, ‘अं.’ म्हणजे पाळीचं रक्त जास्त अंगावर जातं, ‘बा.’ म्हणजे अंग बाहेर, ‘मू.ना.’ म्हणजे मूल नाही. वही कुणाच्या हाती पडली तरी कळू नये म्हणून ही लिपी. लोक ऑपरेशनचं ओसरीवर मोठ्याने बोलतात, पांढऱ्याचं मात्र मागच्या दारी, भांडी घासता घासता, तेही सासू दळणाला गेली असेल तर. बहुतेक जणींची सुरुवात ‘सिस्टर, थकवा येतोय, गोळ्या द्या’ अशी असायची. मी उठायला लागले की उंबऱ्यात खरं बाहेर पडायचं. त्यामुळे उठायची घाई करायची नाही, हे शिकले. कुठल्याही ट्रेनिंगमध्ये हे नव्हतं.

नव्वदच्या दशकात एका ट्रेनिंगला आलेल्या डॉक्टरबाईंनी फळ्यावर नुसतं ९२ लिहिलं आणि विचारलं, कशाचा आकडा? कुणी म्हणालं लसीकरण, कुणी म्हणालं उद्दिष्टपूर्ती. तो गडचिरोलीचा आकडा होता. डॉ. राणी बंग आणि डॉ. अभय बंग यांनी तिथल्या दोन गावांतल्या ६५० बायका तपासल्या होत्या. दवाखान्यात आलेल्या नव्हे, गावातल्या, तक्रार असो नसो. १९८९ मध्ये तो अभ्यास लॅन्सेट या जगातल्या नावाजलेल्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला. ९२ टक्के बायकांना स्त्रीरोग किंवा गुप्तरोग होता, एकेकीला सरासरी तीनच्या वर. आणि आधी कधी अशी तपासणी झालेल्या किती? ८ टक्के. डॉक्टरबाई आकडा सांगून खाली बसल्या. आम्हा सिस्टरांमध्ये जी शांतता पसरली ती आश्चर्याची नव्हती. आमच्यातल्या अर्ध्याअधिक जणींची तरी कुठे झाली होती तपासणी?

कैरोच्या परिषदेआधी जगभर ज्या अभ्यासांची चर्चा झाली त्यांत हा होता. विदर्भातल्या दोन खेड्यांतल्या बायकांनी टेबलावर चढायची लाज बाजूला ठेवली म्हणून जगाचं धोरण थोडं हललं. मला याचा अभिमान वाटतो, आणि या राज्यातल्या किती जणांना हे माहीत आहे याची शंकाही.

मी हे सगळं तक्रारीच्या सुरात लिहितेय असं वाटेल, तर दुसरी बाजूही सांगते. जिथे रकाना झाला तिथे काम झालं, आणि काय झालं! २००५ मध्ये ग्रामीण आरोग्य अभियान आलं. गावोगावच्या आशाताई आल्या, दवाखान्यात बाळंतपणासाठी जननी सुरक्षा योजनेचे पैसे आले, पुढे १०२ आणि १०८ च्या रुग्णवाहिका आल्या. बाळंतपण दवाखान्यात झालं का, याला रकाना. एचबी, म्हणजे रक्तातलं हिमोग्लोबिन किती, याला रकाना. बाई बाळंतपणात गेली तर तिची फाइल उघडायची : कधी कळा सुरू झाल्या, कधी निघाली, गाडी कुठे अडली, रक्त का मिळालं नाही. त्या फाइलवर जिल्हाधिकाऱ्यांसमोर उत्तर द्यायचं. मी लागले त्या काळी बाळंतीण गेली तर ‘देवाची मर्जी’ म्हणून मिटायचं, नंतर तसं मिटेना. २००१-०३ मध्ये महाराष्ट्रात एक लाख जिवंत जन्मांमागे १४९ माता दगावत, २०१८-२० मध्ये ३३. देशात ३०१ वरून ९७. याला मी चमत्कार म्हणणार नाही, कारण यामागची रात्रीची जीप, रक्ताची पिशवी आणि आशाताईची चप्पल मी पाहिलीय. पण बीडसारख्या जिल्ह्यात राहून हे घडताना बघणं हे माझ्या नोकरीतलं सगळ्यात मोठं सुख.

आणि एक रकाना दुसऱ्याला कसा खातो तेही पाहिलं. २०११ च्या जनगणनेत बीडमध्ये सहा वर्षांखालच्या हजार मुलांमागे ८०७ मुली निघाल्या. २०१२ मध्ये परळीच्या एका दवाखान्यातलं मुलींचे गर्भ पाडण्याचं प्रकरण गाजलं. सोनोग्राफी सेंटरांवर धाडी पडल्या, त्या पडायलाच हव्या होत्या. पण त्या धडाक्यात औषधांच्या दुकानांतून गर्भपाताच्या गोळ्याही दिसेनाशा झाल्या. या गोळ्या नऊ आठवड्यांच्या आतल्या गर्भाला देतात, त्या वेळी सोनोग्राफीत मुलगा की मुलगी दिसतच नाही. दुकानदाराला कुणी हे विचारलं नाही, त्यालाही भानगड नको होती. गर्भपात १९७१ पासून कायदेशीर आहे, २०२१ मध्ये त्या कायद्याची मुदत काही बायकांसाठी २४ आठवड्यांपर्यंत वाढवली, २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित मुलींनाही त्यात धरलं. कागद उत्तम. पण माझ्या भागातली पोरगी तोवर कुठल्या तरी काढ्यावर दोन आठवडे घालवून, रक्तस्राव थांबेना म्हणून जिल्ह्याला पोचायची. मुली वाचवायच्या मोहिमेत मुलीच्या आईची वाट बंद झाली, हे कुठल्याच अहवालात आलं नाही.

सगळ्यात जास्त लिहायचं आहे ते ऊसतोडीबद्दल.

माझ्या भागातली निम्मी गावं दसरा-दिवाळी झाली की रिकामी होत. सांगली, सातारा, कोल्हापूर, कर्नाटकात बेळगाव. मुकादम, म्हणजे कारखान्याला मजूर पुरवणारा, उचल म्हणजे आगाऊ पैसे देतो ते कोयत्याला, आणि एक कोयता म्हणजे नवरा-बायको. एकट्या गड्याला कुणी उचल देत नाही. म्हणून पोराचं लग्न लवकर, म्हणजे पोरीचं त्याहून लवकर. जिल्ह्यात अठराच्या आत लग्न झालेल्या मुली ४० टक्क्यांच्या पुढे आहेत, हेही त्या पाचव्या पाहणीतच आलं. लोक म्हणतात अज्ञान. अज्ञान कसलं, तो हिशेब आहे. त्या घरात कोयता पूर्ण व्हायचा असतो.

आता आमच्या कार्यक्रमाचं कॅलेंडर या बाईला लावून बघा. कॅम्पचा हंगाम डिसेंबर ते मार्च, तेव्हा ती फडात, म्हणजे उसाच्या रानात. ती परत येते उन्हाळ्यात, तेव्हा ‘उन्हात जखम पिकते’. बारा आठवड्यांच्या आत गरोदरपणाची नोंद करायची, तर नोंद होईपर्यंत गाडी भरलेली. पहिली तपासणी माझ्याकडे, दुसरी कुणाकडेच नाही, आणि बाळंतपण कोपीत, म्हणजे उसाच्या पाचटाच्या झोपडीत. लेकराच्या लसीचंही तेच. ती दोन्हीकडच्या रजिस्टरांतून गळते. इकडे ‘स्थलांतरित’, तिकडे ‘आमच्या गावची नाही’.

फडात पहाटे तीनला उठणं. शौचालय नाही, आंघोळीला आडोसा नाही, पाळीचं फडकं धुवायला पाणी नाही, वाळवायला जागा नाही. डोक्यावर तीस-चाळीस किलोची मोळी घेऊन ट्रकच्या फळीवर चढायचं. एक दिवस गेली नाही तर खाडा, आणि खाड्याचे पाचशे-पाचशे रुपये उचलीतून वळते. अशा बाईला पांढरं जाणार नाही तर काय होणार? ती परत आली की तालुक्याच्या खाजगी दवाखान्यात जाते. तिथे सोनोग्राफी होते, डॉक्टर म्हणतो पिशवीला सूज आहे, काढून टाका, नाहीतर कॅन्सर होईल. कॅन्सर म्हटल्यावर कोण थांबतं? मुकादम ऑपरेशनला पैसे देतो, म्हणजे उचल वाढते, म्हणजे पुढचा हंगामही बांधला.

एक बाई माझ्याकडे आली होती, कडेवर लेकरू.

“सिस्टर, पिशवी काढली की सगळी कटकट मिटंल का ओ?”

“वय काय गं तुझं?”

“असंल अठ्ठावीस-एकोणतीस. माझ्या दोन्ही जावांनी काढली. पाळीच येत नाही आता. खाडा नाही, काही नाही.”

मी तिला टेबलावर घेतलं. उपकेंद्राच्या खोलीला दार होतं, कडी नव्हती, मी माझ्या जुन्या साडीचा पडदा लावलेला होता. साधा संसर्ग होता. अशा तक्रारींसाठी सरकारने रंगीत डबीतल्या किट दिलेल्या असतात. खाज आणि पांढरं पाणी असेल तर हिरवी, पिशवीच्या तोंडाला सूज असेल तर करडी, ओटीपोटात दुखत असेल तर पिवळी. करडीचा कोर्स नवऱ्यालाही द्यायचा असतो, आणि तिथेच सगळं अडतं. हिला हिरवी लागत होती. एका दिवसाचं औषध, फुकट. माझ्या कपाटात ती किट होती, हिच्या जावांच्या वेळीही असेल. त्यांना कुणी विचारलं नव्हतं, आणि मी विचारलं असतं तर नोंद कुठे केली असती?

२०१९ मध्ये हे प्रकरण वर्तमानपत्रांत आलं. नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली, आणि आम्हाला घरोघर पाठवलं. या वेळी फॉर्मवर प्रश्न छापलेला होता : गर्भपिशवी काढली आहे का, कोणत्या वयात, कुठे, का. जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड बायकांची माहिती घेतली, त्यांतल्या १३,८६१ जणींची पिशवी काढलेली निघाली. दर सहा जणींत एक. सगळ्या देशात हे प्रमाण तीन टक्क्यांच्या आसपास आहे. मी ज्या घरांत वर्षानुवर्षं जात होते त्याच घरांत, त्याच ओसरीवर बसून विचारत होते, आणि बायका सहज सांगत होत्या. लपवाछपवी अजिबात नाही. काही जणींचे तर बीजकोशही काढले होते. पस्तिशीच्या आत अंगातून वाफा येतात, हाडं ठणकतात, झोप उडते. त्या म्हणत, पिशवी काढल्यापासून उन्हाळा सोसत नाही.

पिशवी काढणं नेहमी चुकीचंच असतं असं कुणी समजू नये. मोठ्या गाठी असतात, अंग पूर्ण बाहेर आलेलं असतं, कॅन्सर खरोखर असतो. पण त्यासाठी आधी साधे उपाय करून बघायचे असतात, आणि शेवटचा उपाय पहिला करायचा नसतो. समितीनंतर बीडमध्ये खाजगी दवाखान्यांना पिशवी काढण्याआधी जिल्हा शल्यचिकित्सकांची परवानगी घ्यावी लागू लागली. त्याने धाक बसला. फडातलं पाणी, आडोसा आणि खाडा याबद्दल मात्र शल्यचिकित्सक काय करणार? तो प्रश्न साखर कारखान्याचा आहे, कामगार खात्याचा आहे. बाईच्या पिशवीचं आरोग्य पाण्याच्या नळावर आणि पगारी सुट्टीवर अवलंबून असतं, आणि त्या दोन्ही गोष्टी आरोग्य खात्याच्या रजिस्टरात कधीच येणार नाहीत. मला विचाराल तर देशाच्या प्रजनन आरोग्याचा अर्धा खर्च दुसऱ्याच खात्यांच्या बजेटमध्ये आहे.

पुरुषांबद्दल एक किस्सा सांगितल्याशिवाय राहवत नाही. गावातल्या एका ट्रक ड्रायव्हरने बायकोची दोन सिझेरियन झाल्यावर स्वतः नसबंदी करून घेतली, तीही पुण्याला जाऊन, गावात कळू नये म्हणून. आईला सांगितलं, हर्निया. तीन महिन्यांनी तपासणीचा रिपोर्ट दाखवायला रात्री नऊ वाजता माझ्या दाराशी आला, शर्टाच्या आतून कागद काढला. मी म्हटलं, अरे, चोरी केलीस का काय? म्हणाला, सिस्टर, रजिस्टरात माझं नाव लिहू नका, पद्धतीत ‘निरोध’ टाका. माझ्या सगळ्या नोकरीत जी केस मला सभेत मिरवावीशी वाटली, ती मला लिहिता आली नाही.

नव्या पद्धती आल्या त्याचं मला कौतुक आहे. २०१७ पासून आमच्याकडे दिवस राहू नयेत म्हणून अंतरा इंजेक्शन आणि छाया गोळ्या मिळायला लागल्या. छाया आपल्याच लखनौच्या प्रयोगशाळेत शोधलेली गोळी, त्यात हार्मोन नाहीत. पहिले तीन महिने आठवड्यातून दोनदा, मग एकदा. फडावर जाणाऱ्या बाईच्या ट्रंकेत पाकिटं टाकून देता येतात. अडचण एवढीच की तिच्याने पाळी पुढे जाते, आणि बाईला वाटतं दिवस गेले. अंतराने पाळी कधी थांबतेच, मग ‘रक्त पोटात साठलं’ म्हणून घाबरतात. हे आधी सांगितलं तर बाई टिकते, नाही सांगितलं तर दुसऱ्या इंजेक्शनला येत नाही. राज्यातल्या निम्म्याहून जास्त बायकांच्या अंगात रक्त कमी आहे, त्यांच्या पाळीत रक्त कमी गेलं तर फायदाच आहे. पण हे समजवायला दहा मिनिटं लागतात. तांबीचंही, म्हणजे कॉपर-टीचंही तेच. बसवायला आलेल्या बाईला चहा मिळतो, काढायला आलेलीला ‘अजून सहा महिने बघ’ म्हणून परत पाठवतात, कारण काढल्याने आकडा उतरतो. मी काढून द्यायचे. बाईने विश्वासाने बसवली, तिने म्हटल्यावर काढायलाच हवी. पुढच्या वेळी ती नणंदेला घेऊन येते.

अंतराचा डोस दर तीन महिन्यांनी. दिवाळीआधी दिला तर दुसरा येतो जानेवारीत, बाई तेव्हा सांगलीकडे. म्हणून शेवटच्या काही वर्षांत मी एक करायचे. गाड्या भरायच्या आधीच्या आठवड्यात यादी काढायची, कोण गरोदर, कोणाला अंतरा, कोणाला कुठलं औषध, आणि कारखान्याच्या गावच्या सिस्टरचा नंबर शोधून तिला फोन करायचा. नंबर मिळवायलाच दोन-दोन दिवस जायचे. एकदा अशीच एक तरुण सिस्टर फोनवर आली, आवाजावरून नुकतीच लागलेली. मी नावं सांगितली, तारखा सांगितल्या, कोपी कुठल्या फडाजवळ आहेत ते मुकादमाकडून घेतलेलं सांगितलं. तिने सगळं लिहून घेतलं, एक-दोन नावं पुन्हा विचारली. मग जरा थांबून म्हणाली, “मॅडम, राग मानू नका, पण हे डोस तुमच्या कामात धरायचे की माझ्या?”

“घे बाई तुझ्यात,” मी म्हटलं, “पण टोचायला तू फडात जा. त्या येणार नाहीत, खाडा पडतो.”

गेली ती. दुसऱ्या दिवशी तिने फोटो पाठवला, एका हातात बर्फाची लशींची पेटी, पायात गमबूट, मागे ऊस. खाली लिहिलं होतं, यादीतल्या दोघी सापडल्या नाहीत, मुकादम बदललाय, नवीन नंबर असेल तर पाठवा.